ई-ऑफिस शिकवायचं: आयगॉटवर सोडावं की टेबलापाशी बसावं?

'स्टाफला ई-ऑफिस, म्हणजे फाइली संगणकावर चालवणं, शिकवा' ही जबाबदारी इंदूरच्या कचेऱ्यांत ज्यांच्यावर येऊन पडली आहे, त्यांच्यापुढे साधारण दोन वाटा असतात. सगळ्यांना आयगॉट कर्मयोगी या सरकारी ऑनलाइन प्रशिक्षणाच्या पोर्टलवर कोर्स लावून द्यायचे, नाहीतर ज्याचा हात बसला आहे अशा सहकाऱ्याला रोज थोडा वेळ मोकळं करून टेबलाटेबलांवर बसवायचं. आमच्या विभागात दोन्ही करून पाहिलं.

मिशन कर्मयोगीला, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या कार्यक्रमाला, २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, तेव्हापासून आयगॉटवर साहित्य बरंच वाढलं आहे. हिंदीत कोर्स मिळतात, जेवणं झाल्यावर मोबाइलवर बघता येतात, आणि 'किती जणांचं झालं' असं वरून विचारलं की आकडा तयार. देपालपूर, सांवेरपर्यंत माणसं विखुरलेली असतील तर ही सोय मोठीच.

आमच्याकडे मात्र सगळ्यांचे कोर्स करायचा कॉम्प्युटर ऑपरेटर. बडे बाबूंपासून साहेबांपर्यंत सगळ्यांचे पासवर्ड त्याच्या वहीत. तो बिचारा एका खिडकीत व्हिडिओ चालू ठेवून दुसरीत आवक चढवायचा. प्रमाणपत्रं आली, कर्म पॉइंट जमा झाले, आणि ग्रीन नोट (फाइलवर शेरा लिहायचं पान) कुठे उघडायची हे विचारायला सगळे पुन्हा त्याच्याच खुर्चीमागे उभे. साहेबांच्या डिजिटल सहीचा डोंगलसुद्धा त्याच्याच ड्रॉवरमध्ये! माझं मन तिथेच फिरलं. टेबलापाशी शिकताना आपल्याजागी दुसऱ्याला बसवता येत नाही.

शिवाय आणखी एक फायदा झाला, जो मी धरलाच नव्हता. निवृत्तीला आलेले आमचे एक काका शिकता शिकता म्हणाले, "मी नुसतं 'अग्रेषित', म्हणजे पुढे पाठवलं, एवढंच लिहितो, तर नस्ती (फाइल) माझ्याकडे येते कशाला?" उत्तर कुणापाशीच नव्हतं. साहेबांशी बोलून त्या प्रकारच्या प्रकरणांत मधली टेबलं वगळली. कागदावर ती साखळी वर्षानुवर्षं तशीच चालली असती. आणि आपल्याकडे मध्य प्रदेशात २०१० पासून लोकसेवा हमी कायदा आहे. सेवा द्यायची मुदत चुकली की पदाभिहित (ती सेवा ज्याने द्यायची त्या) अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड होऊ शकतो. ई-फाइलमध्ये नस्ती कुठे किती वेळ थांबली ते दिसतं, म्हणून मधलं टेबल कमी झालं तर कुणी फारशी कुरकुर करत नाही.

अर्थात या पद्धतीत शिकवणाऱ्याचं स्वतःचं काम तुंबतं. त्याची बदली झाली तर पंचाईतच. तुमचा स्टाफ तरुण असेल, पासवर्ड ज्याचा त्याच्याकडे असेल, तर कोर्सही पुरेल कदाचित. माझ्यासारखी मंडळी असतील तर आधी टेबल, मग कोर्स. शिकवणारे मात्र दोघं तरी तयार ठेवा, आणि त्यातला एक आवक-जावकचा घ्या. डाक स्कॅन तिथेच होते, चुकीच्या विषयाखाली फाइल उघडते तीही तिथेच.