चाकू घडवायला शिकताय? एबीएस की नाइफमेकर्स गिल्ड

चाकू करायला लागलेल्या माणसाला अमेरिकेतल्या दोन संघटनांची नावं हमखास सुचवली जातात: 1970 मध्ये स्थापन झालेली नाइफमेकर्स गिल्ड आणि 1976 ची अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी, म्हणजे एबीएस. नवख्याला मात्र दोन्हींचा उपयोग सारखा नाही.

पातं कसं केलं, याच्याशी गिल्डला देणंघेणं नाही. भट्टीत तापवून ठोका, नाहीतर पोलादाच्या तयार पट्टीतून घासून काढा. संस्थापकांपैकी बॉब लव्हलेस यांचं नाव झालं ते पट्टी घासून केलेल्या चाकूंमुळेच. पण आत जायला जुन्या सदस्यांची शिफारस लागते, आणि त्यांच्यापुढे ठेवण्याजोगं काम लागतं. हात बसून चाकू विकू लागल्यावर तिकडे बघावं, त्याआधी नाही.

चाकू ठोकून घडवणारे बिल मोरान यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या एबीएसचं उलट आहे. फी भरून कुणीही अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ सदस्य, होतो, पण पातं घणाखालून गेलेलंच हवं. जर्नीमन स्मिथ या पुढच्या पायरीच्या परीक्षेला तीन वर्षांनी बसता येतं. मान्य असलेला प्राथमिक वर्ग केला असेल तर दोन वर्षांनी. शिकणाऱ्याच्या दृष्टीने सगळी किंमत या परीक्षेत आहे.

मास्टर स्मिथच्या, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीवरच्या सदस्याच्या, देखरेखीखाली एकाच पात्याने, मधे धार न लावता, चार कामं करायची. लोंबकळता एक इंची दोर एका फटक्यात कापायचा. दोन-बाय-चार इंची मापाचं लाकूड दोनदा आरपार तोडायचं. त्याच धारेने हातावरचे केस काढून दाखवायचे. शेवटी पातं व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या पकडीत, धरून 90 अंश वाकवायचं. वाकताना तडा गेला तर चालतो, पण रुंदीच्या एक तृतीयांशापर्यंतच.

म्हणजे धार कडक आणि पाठ मऊ, दोन्ही एकाच पात्यात. 5160 नावाचं पोलाद घेतलं तर ठोकून झाल्यावर तीनदा नॉर्मलाइज करा: लाल करून हवेत गार, दर वेळी तापमान थोडं कमी. इथे घाई केली की पोलादाचे कण मोठे राहतात आणि पातं वाकताना मोडतं. मोडलेल्या जागी साखरेसारखे चमकते दाणे दिसले तर दोष इथलाच. मग साधारण 830 अंश सेल्सिअसला आणून, 55 अंशांच्या आसपास कोमट केलेल्या तेलात बुडवा. साध्या पाण्यात पातं तडकण्याची भीती असते. तापमान चुंबकाने जोखत असाल तर लक्षात ठेवा: ते चिकटायचं थांबतं 770 च्या सुमारास. तेवढ्यावरच बुडवलं तर धार कच्ची राहते. नंतर सुमारे 200 अंशांवर दोन-दोन तास, दोन वेळा टेम्पर, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवणं. शेवटी धार पाण्यात ठेवून पाठीला टॉर्चने निळा रंग आणा. लाकडावर धारेचे टवके उडाले तर टेम्पर कमी पडलं. धार लोळली तर पोलाद मऊ राहिलं किंवा कोन फार बारीक झाला.

एवढ्यावर सुटका नाही. त्यानंतर पाच पूर्ण चाकू परीक्षकांपुढे मांडायचे. दमास्कस, म्हणजे थर जोडून केलेलं नक्षीदार पोलाद, चालत नाही. इथे ताकद बघत नाहीत, हात किती साफ आहे ते बघतात: गार्ड (मुठीपुढची आडवी पट्टी) आणि पात्यातली फट, दोन्ही बाजूंच्या उताराचा सारखेपणा, पॉलिशखाली राहिलेले आडवे ओरखडे. ठोकण्यात तरबेज असलेला माणूसही त्या फटीवर अडकतो.

महाराष्ट्रातून एबीएसचं सदस्य होता येईल, पण परीक्षेसाठी परदेशवारी धरूनच चाला. चाकूंची तपासणी प्रामुख्याने अटलांटाच्या ब्लेड शो या चाकूंच्या प्रदर्शनात होते. आणखी एक गोष्ट. परीक्षेचं पातं 10 इंचांपर्यंत चालतं. आपल्याकडच्या शस्त्र नियमांत मात्र 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पातं, ते घरकाम, शेती, उद्योग किंवा शास्त्रीय कामासाठी नसेल तर, शस्त्रात मोडतं. तेव्हा 9 च्या आत राहा. नियमात बसतं, फक्त दोर कापताना फटका जास्त वेगाने बसावा लागतो.

अमेरिकेत राहणाऱ्या आणि ठोकून घडवायचंच ठरवलेल्या माणसाने आधी एबीएस घ्यावं, गिल्डचं नंतर पाहावं. फक्त स्वयंपाकघरातल्या सुऱ्या पट्टीतून काढायच्या असतील तर सध्या दोन्हींची गरज नाही. फीचे पैसे बेल्ट ग्राइंडर या घासायच्या यंत्राच्या नव्या घासपट्ट्यांना लावा. झिजलेली घासपट्टी कापत नाही, नुसती घासते; पाणी दिलेली पातळ धार तापून निळी पडते, आणि निळी पडली की तिथला कडकपणा गेला. तेवढा भाग घासून टाकण्यावाचून इलाज नसतो.