हेवी लायसनला किती वेळ लागतो? नागपुरातून ट्रक लाइनला येताना पिकअपची वाट की खलाशाची

आधी सरळ उत्तर. वय 20 पूर्ण असेल आणि चारचाकीचं पक्कं लायसन मिळून वर्ष झालं असेल, तर हेवी लायसन दीड-दोन महिन्यांत हाती येतं. खिशात कुठलंच लायसन नसेल तर कमीत कमी 14 महिने लागतात. टेस्टची तारीख मिळण्यातला उशीर धरला तर दीड वर्षाची तयारी ठेवा. मालक भरलेली चौदा चाकी गाडी निर्धास्तपणे तुमच्या हवाली करील, तो दिवस याच्याही पुढचा. लाइनला यायचं की नाही हे ठरवताना बहुतेक पोट्टे या आकड्यांपाशीच अडतात. माझ्या मते खरा निर्णय चारचाकीचं लायसन आणि हेवी यांच्या मधल्या वर्षाचा आहे: पिकअप चालवायची की ट्रकवर खलाशी, म्हणजे ड्रायव्हरचा मदतनीस, म्हणून जायचं. ते कुठे आणि कोणासोबत काढता, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

14 महिन्यांचा हिशोब असा. लर्निंग निघाल्यावर 30 दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसनची टेस्ट देता येत नाही. चारचाकीचं लायसन पक्कं झालं की 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे एक वर्ष थांबायचं, तेव्हा ट्रान्सपोर्टचं, म्हणजे हेवी गाडीचं, लर्निंग मिळतं. त्यानंतर पुन्हा 30 दिवस. टेस्टमध्ये नापास झालात तर 7 दिवसांनी परत देता येते, पण तीनदा नापास झालात तर 60 दिवस घरी बसावं लागतं. आठवी पासची अट 2019 मध्ये गेली, त्यामुळे शाळा सुटलेल्यांनी त्यापायी मागे राहू नये.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. हे वर्ष मोजताना दुचाकीचं लायसन धरत नाहीत, एलएमव्हीच (चारचाकीचं लायसन) लागतं. तीन-चार वर्षं गाडी चालवतोय म्हणून निर्धास्त राहिलेल्याकडे फक्त मोटारसायकलचं लायसन असेल, तर त्याचा हिशोब शून्यापासून सुरू होतो. तुम्ही आज 18 चे असाल तर चारचाकीचं लर्निंग लगेच काढा. हेवीसाठी 20 पर्यंत थांबायचंच आहे, मग ते वर्ष आपोआप त्यात बसून जाईल.

पिकअपवर वर्ष काढलं तर

6 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला. एलएमव्ही लायसनवर 7,500 किलोपर्यंत ग्रॉस वजनाची मालवाहू गाडीही चालवता येते, वेगळा शिक्का लागत नाही, आणि ट्रान्सपोर्टच्या जादा अटी त्यावरच्या वजनाला लागू होतात, असं कोर्टाने सांगितलं. छोटा हत्ती आणि बोलेरो पिकअप या मर्यादेत आरामात बसतात. त्याहून मोठी गाडी असेल तर आरसीवरचं ग्रॉस वजन बघून घ्या. ग्रॉस म्हणजे गाडी आणि माल मिळून.

म्हणजे ज्या वर्षी कायदा तुम्हाला थांबवतो, त्याच वर्षी तुम्ही कमावू शकता. इतवारीच्या गल्लीत गाडी मागे घेणं, कळमन्यात पहाटेच्या गर्दीतून भरलेली गाडी बाहेर काढणं, ताडपत्री आणि दोर बांधणं, बिल्टी (मालाची पावती) आणि ई-वे बिल वाचणं, हिंगणा-बुटीबोरीच्या गेटवर नंबर लावून थांबणं: हे सगळं पिकअप शिकवते. रात्री मुक्कामाला घरी असता. काय राहून जातं? एअर ब्रेक, लांब गाडीचं शेपूट वळणावर किती आत कापतं याचा अंदाज, उतारावर वजन सांभाळणं आणि रात्रभराचं ड्रायव्हिंग. ते पिकअपवर येत नाही, कितीही वर्षं चालवली तरी.

खलाशी म्हणून गेलं तर

ही जुनी वाट, आणि तिला कमी लेखणाऱ्यांशी माझं जमत नाही. उस्तादाशेजारी, म्हणजे मुरलेल्या ड्रायव्हरशेजारी, बसून माणूस जे शिकतो ते कुठल्या शाळेत मिळत नाही. टायरवर हातोडी मारून आवाजावरून हवा ओळखणं, एअर टँकमधलं पाणी काढणं, शिवनीच्या रस्त्यावर कुरई घाट कोणत्या गिअरमध्ये उतरायचा, ब्रेक तापत असल्याचा वास केव्हा येतो. नागपूर 44 आणि 53 या दोन राष्ट्रीय महामार्गांवर आहे, त्यामुळे हैदराबाद, रायपूर, जबलपूर असे सगळे रस्ते थोड्याच महिन्यांत ओळखीचे होतात.

पण पैसा तुटपुंजा, झोप अर्धवट, आणि सगळं उस्तादाच्या स्वभावावर. चांगला भेटला तर घडवतो, वाईट भेटला तर वर्षभर डबे घासायला लावतो आणि दारूची सवय लावून सोडतो. मे महिन्यात वैदर्भीय उन्हात इंजिनशेजारची केबिन काय असते हे बसल्याशिवाय कळत नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय, पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या अजून बरीच वर्षं चालणार आहेत.

सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. रात्री दोन वाजता रस्ता मोकळा बघून उस्ताद म्हणतो, "ये, बस." लायसन नसलेल्या पोराने स्टिअरिंग धरलं आणि काही झालं, तर गुन्हा त्याच्यावर लागतो आणि विमा कंपनी नुकसानभरपाई मालकाकडून वसूल करू शकते. एखाद्याचा जीव गेला तर ते ओझं आयुष्यभराचं. ट्रान्सपोर्टचं लर्निंग हातात असेल, एल पाटी लावलेली असेल आणि पक्कं लायसन असलेला माणूस शेजारी शिकवत असेल, तरच हात लावा.

दोन्हींत माझा कौल

शून्यापासून सुरुवात करत असाल तर वर्ष पिकअपवर काढा. ट्रान्सपोर्टचं लर्निंग निघालं की पिकअप सोडा, आणि हेवी पक्कं झाल्यावर तीन-चार महिने चांगल्या उस्तादासोबत सेकंड ड्रायव्हर म्हणून जा. चारचाकीचं लायसन जुनं असेल आणि घर चालवायची घाई नसेल, तर पिकअपचं वर्ष गाळलं तरी चालेल. आणि घरापासून लांब राहणं जमेल की नाही हेच ठाऊक नसेल, तर एक पैसाही भरण्याआधी खलाशी म्हणून हैदराबादची एक फेरी करून या. जाऊन-येऊन हजारेक किलोमीटर, दोन रात्री गाडीत. पुष्कळांचा निर्णय तिथेच होतो.

शाळा कोणती?

ट्रान्सपोर्टच्या लायसनला ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र लागतंच. साध्या स्कूलमध्ये नियमाप्रमाणे 30 दिवस आणि निदान 15 तास प्रत्यक्ष गाडी, म्हणजे दिवसाला अर्धा तास. प्रवेश घेण्याआधी त्यांचा ट्रक बघा, आणि एका तुकडीत किती जण हेही विचारा. गाडी न चालवता कागद देतो म्हणणाऱ्याच्या पायरीवर थांबू नका. अ‍ॅक्रेडिटेड, म्हणजे खास मान्यता मिळालेल्या, प्रशिक्षण केंद्रात थिअरी धरून 38 तासांचा अभ्यासक्रम आहे, 6 आठवड्यांत. तिथून पास झाल्यावर आरटीओची ड्रायव्हिंग टेस्ट माफ होते. दोन आठवडे जास्त जातात, पण परवडत असेल तर मी हेच निवडेन.

पेट्रोल-गॅसच्या टँकरचा विचार असेल तर वर 3 दिवसांचं धोकादायक मालाचं प्रशिक्षण लागतं. लायसनवरची ती नोंद 3 वर्षं चालते, नूतनीकरणाला 1 दिवसाचा उजळणी वर्ग. साध्या ट्रान्सपोर्ट लायसनची मुदत 5 वर्षं. टँकरकडे हेवीवर वर्ष-दोन वर्षं झाल्यावरच वळा.

यातलं काहीही ठरवण्याआधी डोळे तपासून घ्या. ट्रान्सपोर्टसाठी डॉक्टरचा फॉर्म 1-ए लागतो, त्यात 25 मीटरवरची नंबर प्लेट वाचता येते का आणि रंग ओळखण्यात अडचण आहे का, हे बघतात. चष्म्याचा नंबर असेल तर चष्मा करून घ्या. रंगांची अडचण निघाली तर ती शाळेची फी भरण्याआधी कळलेली बरी.