नॅवटेक्स रिसीव्हर काही महिने वापरून: डब्याच्या आधी अँटेना बघा

नॅवटेक्स, म्हणजे समुद्रावर सुरक्षेचे मेसेज घेणारा रेडिओ सेट, घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण आधी स्क्रीन बघतात, केवढी आहे, उन्हात दिसते का, चार्टप्लॉटरला (बोटीवरच्या सागरी नकाशाच्या स्क्रीनला) जोडता येतो का वगैरे. मी दोन चॅनलचा, डिस्प्लेवाला सेट गेले काही महिने जवळपास सतत चालू ठेवलाय आणि आता कुणी विचारलं तर पहिला प्रश्न मी हाच विचारतो की अँटेना कुठला आणि तो बसणार कुठं? बाकीचं नंतर.

ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: किनाऱ्यावरची स्टेशनं मजकुराचे मेसेज पाठवतात, वादळाचा इशारा, हवामानाचा अंदाज, बंद पडलेला दीपस्तंभ, वाहत चाललेला कंटेनर, शोध-बचावाची माहिती. ५१८ किलोहर्ट्झवर इंग्रजीत, ४९० वर सहसा त्या त्या देशाच्या भाषेत, आणि काही भागात ४२०९.५ वरही. रेंज साधारण २५० ते ४०० नॉटिकल मैल, म्हणजे मोबाईलचं नेटवर्क कधीच मागं पडलेलं असतं तिथंही येतो. सबस्क्रिप्शन नाही, सिम नाही. सोलास या जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येणाऱ्या मोठ्या जहाजांवर १९९३ पासून सक्तीचा आहे, छोट्या बोटीवाले स्वतःच्या हौसेनं किंवा भीतीनं घेतात.

आता अँटेनाचं. दोन प्रकार मिळतात, एक सरळ काठीसारखा व्हिप आणि दुसरा आत तारेचा लूप किंवा फेराइट (चुंबकीय दांडी) असलेला, ज्याला एच-फील्ड म्हणतात. व्हिपला नीट ग्राउंड (अर्थिंग) लागतं, फायबरच्या बोटीवर ते करणं म्हणजे एक वेगळं काम. एच-फील्डला ग्राउंड लागत नाही आणि बोटीवरचा इलेक्ट्रिकल कचरा तो सहसा कमी उचलतो, म्हणून मी तोच घेतला आणि मागच्या रेलिंगवर लावला. मास्टच्या टोकावर चढवायची काही गरज नाही, ही काय व्हीएचएफ (जवळच्या बोलण्याचा रेडिओ) नव्हे, या फ्रिक्वेन्सीची लहर समुद्राच्या पाण्याला धरून लांबवर येते. उंचीपेक्षा इलेक्ट्रिकल आवाजापासून लांब असणं महत्त्वाचं.

आणि आवाज म्हणजे काय तर सोलरचा चार्ज कंट्रोलर, इन्व्हर्टर, स्वस्तातले एलईडी दिवे, यूएसबी चार्जर, फ्रिजचा कॉम्प्रेसर. माझ्याकडं सगळ्यात वाईट निघाला तो सोलरचा कंट्रोलर, दुपारी ऊन चढलं की मेसेजमध्ये अक्षरांच्या जागी चांदण्या (*) पडायला लागायच्या आणि संध्याकाळी तेच स्टेशन स्वच्छ. शोधायची पद्धत सोपी आहे, मेसेज येत असताना एकेक ब्रेकर बंद करत जायचं आणि चुकीच्या अक्षरांचं प्रमाण बघायचं. कंट्रोलरच्या वायरींवर फेराइटच्या क्लिप लावल्या आणि अँटेनाची केबल त्या वायरींपासून वेगळी काढली, बराच फरक पडला. जेट्टीवर मात्र परीक्षा घेऊ नका, शेजारच्या बोटींचे चार्जर आणि किनाऱ्याची वीज यांच्यात कुठलाही चांगला सेट नापास होईल.

चांदण्या म्हणजे काय ते सांगतो, कारण तिथंच खरा धोका आहे. प्रत्येक अक्षर दोनदा पाठवलं जातं, दोन्ही वेळा बिघडलं तर सेट त्या जागी चांदणी छापतो. शब्दात एखादी चांदणी असली तर अंदाजानं वाचता येतं, पण अक्षांश-रेखांशात एक आकडा गेला किंवा वाऱ्याचा जोर किती ते अक्षरच गेलं, तर तो मेसेज असून नसल्यासारखा. आकडा मनानं भरायचा नाही, पुढच्या वेळेची वाट बघायची. साधारण ४ टक्क्यांच्या वर चुका असतील तर सेट तो मेसेज मिळाला असं धरतच नाही आणि पुढच्या प्रसारणात परत घेतो, ही सोय चांगली आहे.

वेळापत्रक समजलं की अर्धी चिडचिड संपते. प्रत्येक स्टेशनला एक अक्षर असतं आणि दर ४ तासांनी १० मिनिटं मिळतात. म्हणजे सेट निघायच्या ऐनवेळी चालू केला तर त्याच्याकडं काहीच नसतं आणि मग लोक म्हणतात की नॅवटेक्स बेकार आहे. निदान ४ तास आधी चालू करा, मी तर नांगरावर असतानाही बंद करत नाही, वीज फार खातच नाही. हवामान अंदाजाचा मेसेज दिवसातल्या सहाही वेळा येईल असं नाही, ते स्टेशनवर आहे, हवी ती वेळ लिहून ठेवा. वेळा सगळ्या यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात हे लक्षात ठेवा.

रात्री रेंज वाढते आणि त्याचा फायदा कमी, त्रास जास्त. जगातले समुद्र इशाऱ्यांसाठी २१ विभागांत, म्हणजे नॅवएरियात, वाटलेत आणि अक्षरं परत परत वापरली जातात, त्यामुळं लांबचं त्याच अक्षराचं स्टेशन मध्ये घुसलं की दोघांचीही खिचडी होते. म्हणून नको ती स्टेशनं मेनूतून बंद करून टाका. मेसेजचे प्रकारही बंद करता येतात, त्यांनाही एकेक अक्षर असतं, पण ए, बी, डी आणि एल म्हणजे नेव्हिगेशनचे इशारे, हवामानाचे इशारे, शोध-बचाव आणि जादा नेव्हिगेशन इशारे बंद होत नाहीत आणि होऊही नयेत, रात्री तीनला अलार्म वाजला तर शिव्या द्या पण उठून वाचा.

एक चॅनल की दोन? एका चॅनलवाला ४९० ऐकत असेल तर ५१८ वरचं तेवढ्या वेळात चुकतं. इंग्रजी मेसेजवरच भागत असेल तर एक पुरे, नाहीतर दोनच घ्या. प्रिंटरवाला मला नकोच होता, थर्मल कागद फिका पडतो आणि नको तेव्हा संपतो. डिस्प्लेवाल्यात मात्र वीज गेल्यावर जुने मेसेज राहतात का हे नक्की विचारा, आणि रात्री बॅकलाइट पुरेसा कमी होतो का तेही, माझ्या सेटचा सगळ्यात कमी उजेडसुद्धा कॉकपिटमध्ये डोळ्याला लागतो, वर लाल फिल्म चिकटवलीय.

फोनवरच्या रंगीत हवामान नकाशांशी याची तुलना करू नका, ते मॉडेलचे आकडे असतात, इथं इशारा अधिकृत हवामान खात्याकडून येतो. अगदी खोल समुद्रात जाणार असाल तर नॅवटेक्सची हद्द संपते आणि सॅटेलाइटवरच्या सेफ्टीनेटसारख्या सेवेकडं बघावं लागतं, ते वेगळंच खातं.

चार्टप्लॉटरला जोडायचंच असेल तर एनएमईए ०१८३ (बोटीवरची उपकरणं एकमेकांशी बोलायची पद्धत) चं आउटपुट आहे एवढ्यावर समाधान मानू नका, प्लॉटरच्या मॅन्युअलमध्ये एनआरएक्स हे नॅवटेक्स मेसेजचं वाक्य तो घेतो का ते शोधा. माझा घेत नाही, म्हणून सेटचा स्वतःचा स्क्रीनच वापरतो आणि चार्ट टेबलाजवळ लावलाय.