गहू खाणाऱ्या कोंबड्यांना एन्झाइम: आठ महिन्यांनंतर

इंदूरच्या सांवेर रोडला माझ्या ३०० लेयर, म्हणजे अंड्यांच्या, कोंबड्या आहेत. गेल्या मे महिन्यात मका परवडेना, म्हणून छावणी मंडीतून तुकडा गहू आणला आणि निम्मा मका काढून टाकला. पंधरा दिवसांत शीट चिकट, खाली अंथरलेलं तूस ओलं, अंडी माखलेली. इंदूरच्या मे महिन्यात चादर तासाभरात वाळते, आणि माझ्या शेडमध्ये चिखल! अमोनियाने डोळे चुरचुरायचे. म्हणून झायलॅनेज या एन्झाइमचं, खाद्यात मिसळायच्या भुकटीचं, पाकीट घेतलं.

गव्हातलं अरॅबिनोझायलान हा एक तंतू, तो कोंबडीला स्वतःला पचत नाही. त्यातलं जे पाण्यात विरघळतं त्याची आतड्यात खळ होते आणि दाण्यातलं सत्त्व नीट शोषलं जात नाही. झायलॅनेज त्या लांब साखळ्या तोडतं. तंतू सगळे पचतात असं नाही, खळ पातळ होते. मला तेवढंच हवं होतं.

दोन महिने काडीचा फरक नाही. दुकानदाराला तीनदा फोन केला, प्रत्येक वेळी "डोस वाढवा". पाकीट फेकायलाच निघालो होतो.

गोम निघाली मिसळण्यात. डोस टनभर खाद्याला ५०० ग्रॅम, म्हणजे माझ्या ५० किलोंना फक्त २५ ग्रॅम. पाकिटात चमचा नाही, माप नाही, कसं मिसळायचं त्याची एक ओळ नाही. फावड्याने ढवळलं की एका कोपऱ्यात सगळं, दुसरीकडे काहीच नाही. लहान पोल्ट्रीवाल्याला नेमकी हीच माहिती लागते आणि तीच दिलेली नाही, याचा मला अजून राग आहे. आता काट्यावर मोजून २५ ग्रॅम आधी १ किलो भरड्यात, ते ५ किलोंत, मग सगळ्यात. तीन आठवड्यांत, भर पावसाळ्यात, तूस मोकळं झालं. बायकोचं अंडी पुसायचं काम संपलं. त्याच सुमारास पाणी प्यायचे दोन गळके निपलही बदलले होते, तेव्हा सगळं श्रेय पाकिटाला देत नाही.

पावसात उघड्या पाकिटात गाठी झाल्या. लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात काढा.

नोव्हेंबरात नवा मका आला, गहू बंद केला, एन्झाइमही थांबवलं. काही बिघडलं नाही. मक्यात विरघळणारा तंतू मुळातच कमी, त्यावर पैसे घालू नका. निम्मं पाकीट डब्यात आहे, मुदत जूनपर्यंत. चैत्रात गहू उतरला की पुन्हा काढीन.