इंद्रजाल, अमर चित्र कथा, चांदोबा की अमेरिकी अंक? बेळगावात बसून जुनी कॉमिक्स जमवणाऱ्यांसाठी

महिन्याला दोन-तीन हजार बाजूला काढता येतात, घर शहापूर-टिळकवाडीत नाहीतर निपाणी-खानापुरात, पावसाळ्यात भिंतीला ओल धरते आणि डोक्यात खूळ शिरलंय: जुनी कॉमिक्स जमवायची, जमलं तर त्यातून दोन पैसेही सुटावेत. अशा माणसासाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. पैशाकडे डोळा असेल तर इंद्रजालचे सुरुवातीचे इंग्रजी अंक घ्या. जीव रमवायचा असेल तर मराठी इंद्रजाल. अमर चित्र कथा फार निवडून. चांदोबा वाचायला. अमेरिकी अंकांच्या नादाला लागू नका. आता एकेकाचं बघू.

इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यातून मार्च १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. सगळे मिळून आठशेच्या वर अंक. सुरुवातीचे बत्तीस अंक नुसत्या फँटमचे, म्हणजे आपल्या वेताळाचे. मग मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी अशी मंडळी आली. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, आणि पहिल्यांदाच या मालिकेत घरचा नायक मिळाला. सुरुवातीला अंक महिन्याला एक, १९६७ पासून पंधरवड्याला, १९८१ पासून दर आठवड्याला. हे वेळापत्रक पाठ करून ठेवा, कारण भावाचं अर्धं गणित त्यातच आहे. निम्म्याहून जास्त अंक शेवटच्या नऊ वर्षांतले आहेत. रद्दीच्या ढिगात हाताला लागतात ते बहुतेक हेच, आणि ते 'जुने' असले तरी दुर्मिळ नाहीत. ऐंशीच्या दशकातला सुटा अंक आजही शेकड्यांत मिळतो. १९६४-६५ चा धडधाकट इंग्रजी अंक आला की बोली हजारांत जाते.

पहिल्या पन्नासेक अंकांची मुखपृष्ठं बी. गोविंद यांची, म्हणजे गोविंद ब्राह्मणिया यांची. पुढे बहादूरही त्यांनीच रंगवला. आतली चित्रं परदेशी पट्ट्यांची, पण ही मुखपृष्ठं इथे काढलेली, जगात दुसरीकडे कुठे नाहीत. फँटमचा वाचक ऑस्ट्रेलियात आणि स्वीडनमध्ये आजही आहे. ऑस्ट्रेलियातली फ्रू ही कंपनी १९४८ पासून फँटम छापतेय. तिकडच्या संग्राहकाला इंद्रजालचा सुरुवातीचा अंक हवा असतो तो या मुखपृष्ठांसाठी आणि आतल्या गमतींसाठी. मूळ कथेतला फँटमचा देश बेंगाला आपल्याकडे 'डेंकाली' झाला आणि सिंग चाच्यांचे 'सिंगा' झाले, कारण नाहीतर वाचकाला ते बंगालमधले सिंग वाटले असते. असे बारीकसारीक फरक शोधणारे लोक पैसे मोजतात.

इथेच मराठी अंकाचा पेच येतो. मराठी इंद्रजाल इंग्रजीपेक्षा कमी उरलंय असं माझं निरीक्षण आहे. मराठी घरांत अंक वाचून, एकमेकांना देऊन, शेवटी वह्यांना कव्हर घालून संपवले गेले. मग भाव जास्त हवा की नको? नाही. भाव लागायला वस्तू कमी असून भागत नाही, ती हवी असणारी किमान दोन माणसं एकाच आठवड्यात जागी असावी लागतात. इंग्रजी अंकाला मेलबर्नपासून बंगळूरपर्यंत गिऱ्हाईक आहे. मराठी अंकाला पुणे, मुंबई, कोल्हापूर, बेळगाव एवढंच मैदान. म्हणून मराठी अंक स्वस्तात मिळतो आणि विकायला काढला की महिनोन्महिने पडून राहतो. जमवणाऱ्याला ही चैन आहे, व्यापाऱ्याला डोकेदुखी. कन्नड अंकांचंही तसंच, पण त्यात एक फायदा आपल्या हातात आहे. दोन्ही लिप्या वाचणारा माणूस कोल्हापुरात शोधून सापडत नाही, इथे गल्लोगल्ली आहे. धारवाड-हुबळीकडच्या रद्दीत कन्नड अंक ओळखून उचलणं आणि त्यावर बंगळूरच्या गिऱ्हाइकाशी कन्नडात बोलणं, हे पुण्याच्या संग्राहकाला जमणार नाही.

कुठल्या भागातून काय निघतं, याचाही एक नकाशा मनात तयार होतो. इंग्रजी अंक बहुतेक कॅम्पाच्या बाजूचे. तिथल्या इंग्रजी शाळा, लष्करी बदल्या, बदलीच्या वेळी हलके केलेले संसार, हे सगळं त्यात येतं. मराठी अंक शहापूर, वडगाव, अनगोळच्या जुन्या घरांच्या माळ्यावरून. खासगी लायब्ररीचे शिक्के मारलेले गठ्ठे वेगळेच. दिवसाच्या भाड्याने कॉमिक्स देणारी दुकानं बंद पडली तेव्हा ते बाहेर आले. त्यांत एक गोम आहे. लायब्ररीवाले चार-पाच अंक एकत्र शिवून पुठ्ठा लावत, आणि बांधणी करताना कडा कापत. वरचा-खालचा मजकूर शाबूत असला तरी अंक दोन-तीन मिलिमीटरने बुटका झालेला असतो. शंका आली तर शेजारी न कापलेला अंक धरून बघा. कापलेला अंक वाचायला उत्तम, संग्रहाच्या भावात अर्ध्यावर.

अंक हातात आला की माझा क्रम असा: आधी मधलं पान उघडायचं आणि पिना बघायच्या. आमच्याकडच्या दमट हवेत पिन गंजते आणि तिच्याभोवती तपकिरी वर्तुळ पडतं. पान तिथेच फाटतं. मग मधल्या पानापासून दोन्ही बाजूंना पानं मोजायची. सारखी भरली नाहीत तर एखादं पान कुणीतरी कापून वहीत चिकटवलंय. सुरुवातीच्या अंकांच्या मागच्या बाजूला पोस्टरसारखं पानभर चित्र असे, तेच पहिलं भिंतीवर गेलं. शेवटी कागदाचा रंग. वर्तमानपत्री कागद पिवळट होणारच, पण तो तांबूस होऊन कोपरा वाकवताच तुटत असेल तर ठेवून द्या. पहिल्या पानावर शाईने 'इयत्ता सहावी, तुकडी ब' लिहिलेलं असलं तर अंकाच्या अवस्थेला गुण देणारा अमेरिकेतला परीक्षक गुण कापेल. मी कापत नाही, पण विकताना ते सांगतो.

अंक १२३ आणि १२४ कुणी 'अतिदुर्मिळ' म्हणून विकायला आणले तर हसा. छापखान्यातल्या संपामुळे ते निघालेच नाहीत.

आता अमर चित्र कथा. हिचं मोल आपल्या मुलखाला जास्त वाटायला हवं. संपादक अनंत पै कार्कळचे, म्हणजे कर्नाटकचेच. टाइम्समध्ये असताना इंद्रजालच्या घडणीत होते. मालिकेची सुरुवात १९६७ ची मानतात, पण त्याआधी १९६५ मध्ये बंगळूरहून जी. के. अनंतराम यांच्या पुढाकाराने कन्नडात परीकथांचे अंक निघाले होते, आणि म्हणूनच इंग्रजी क्रमांकांत 'कृष्ण' अकराव्या नंबरवर येतो. चित्रकारांत आपली माणसं ठासून भरलेली: 'कृष्ण' राम वाईरकरांचा, शिवाय प्रताप मुळीक, दिलीप कदम. मुळीकांनी पुढे हिंदीत नागराजही रंगवला.

एवढं सगळं असूनही गुंतवणूक म्हणून मी हिला इंद्रजालच्या मागे टाकतो, आणि कारण साधं आहे. ही मालिका मेली नाही. कोट्यवधी प्रती खपल्या, तेच अंक पुन्हा पुन्हा छापले गेले, आजही दुकानात नवे मिळतात. वाचायचं असेल त्याला जुना अंक हवाच असं नाही. रद्दीवाला मात्र सगळ्यांना एकच भाव लावतो, कारण त्याला पहिली आवृत्ती आणि बारावी आवृत्ती दिसायला सारखीच. तुम्हाला फरक कळला तर फायदा तुमचा. क्रमांक बघा: ५०१ पासूनचे क्रमांक नंतरच्या पुनर्मुद्रणांचे, 'कृष्ण'च तिथे ५०१ झालाय. छापील किंमत बघा, रुपया-दीड रुपयाची असेल तर पुढची खूण तपासा. सगळ्यांत चांगली खूण रंगांची. अगदी सुरुवातीच्या छपाईत खर्च वाचवायला पिवळा, निळा, हिरवा एवढ्यावरच भागवलेलं असे. लालभडक, पूर्ण रंगीत पानं दिसली तर ती नंतरची. तीन रंगांतली फिकट पानं नवशिक्याला 'उडालेली' वाटतात आणि तो ती सोडून देतो. तीच उचलायची.

कागद मात्र अमर चित्र कथेचा बरा. इंद्रजालपेक्षा टिकतो, मुलांच्या हातात देता येतो. घरात लहान पोरं असतील आणि त्यांनाही या छंदात ओढायचं असेल तर हिचं पारडं जड, हे मान्य.

चांदोबाबद्दल थोडक्यात. 'चंदामामा' जुलै १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू-तमिळमध्ये सुरू झालं, मराठी 'चांदोबा' १९५२ पासून; विक्रम-वेताळाचं ते खांद्यावर प्रेत घेतलेलं चित्र शंकर यांचं. नीट म्हटलं तर हे कॉमिक नव्हे, सचित्र मासिक. प्रेम सगळ्यांचं, पैसे देणारे थोडे, कारण जुन्या अंकांचे स्कॅन मोबाइलवर फिरतात. पन्नासच्या दशकातले वर्षभराचे अंक सलग मिळाले तर घ्या. सुटे अंक वाचा, कुणाला तरी भेट द्या.

अमेरिकी अंक मोहात पाडतात ते बातम्यांमुळे. जून १९३८ चा 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक दहा सेंटला विकला गेला होता. त्याची एक प्रत २०२४ मध्ये साठ लाख डॉलरला गेली. हे वाचून माणूस नव्वदच्या दशकातले अंक विकत घ्यायला धावतो. ते दशक म्हणजे नेमकं उलटं उदाहरण आहे. १९९१ च्या 'एक्स-मेन'च्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांवर प्रती दुकानांत गेल्या, लोकांनी पाच-पाच घेऊन प्लॅस्टिकमध्ये घातल्या, आणि आज तो अंक कुणीही कुणालाही देऊ शकतो. तो फुगा फुटला आणि १९९६ च्या अखेरीस मार्व्हल कंपनीनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. शिवाय तिकडे अंक सीजीसीसारख्या संस्थेकडून तपासून, अर्ध्यापासून दहापर्यंत गुण घेऊन, प्लॅस्टिकच्या डबीत बंद होतो, आणि ९.८ आणि ९.० गुणांत किमतीची मोठी दरी असते. बेळगावातून अंक पाठवायचा, परत मागवायचा, टपाल आणि कस्टम्स भरायचं. हिशेब बसत नाही. स्पायडरमॅनचं वेड असेल तर पुनर्मुद्रित जाडजूड खंड घ्या आणि सुखाने वाचा.

भाव कसा बघायचा, हे इथे जास्त महत्त्वाचं, कारण भारतीय अंकांना अमेरिकेसारखी १९७० पासून दरवर्षी निघणारी दरपुस्तिका नाही. जाहिरातीत लिहिलेली किंमत म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. ईबेवर 'विकले गेलेले' एवढेच दाखवायची सोय आहे, ती लावून बघा. फेसबुकवरच्या लिलावांत शेवटची बोली कितीवर थांबली ते टिपून ठेवा. वहीत पाच रकाने पुरेत: तारीख, अंक क्रमांक, भाषा, अवस्था, शेवटची बोली. सहा महिन्यांत तुम्हाला जे कळेल ते कुठलाही दलाल सांगणार नाही. एकाच मोठ्या बोलीवर भुलू नका. दोन हट्टी माणसं समोरासमोर आली की कुठलाही अंक एकदा महाग जातो.

रंगीत झेरॉक्सच्या बनावट प्रतीही फिरतात. भिंगाखाली जुन्या छपाईत सुटे सुटे रंगीत ठिपके दिसतात, नव्या प्रतीत चित्राबरोबर जुना डाग आणि घडीची रेघही छापून आलेली असते. बोट फिरवून बघा, रेघ हाताला लागत नसेल तर उत्तर मिळालं.

साठवणीत आपल्याकडचा शत्रू पाऊस. खानापूरच्या बाजूला तर चार महिने कपडे वाळत नाहीत, तिथे कागदाची काय कथा. कौलारू घराचा माळा नको, भिंतीतलं कपाट नको, लोखंडी ट्रंकही नको, तिला आतून घाम सुटतो. भिंतीपासून हात-दीड हात लांब, जमिनीपासून वर, लाकडी किंवा स्टीलच्या मांडणीवर खोक्यात अंक उभे ठेवा. प्रत्येक अंकाला पॉलिप्रॉपिलीनची पिशवी आणि आम्लमुक्त पुठ्ठा. साध्या मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या कागदाला चिकटतात. कसर आणि वाळवीवर डांबरगोळ्या चालतात, पण अंकाला टेकवून नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सगळं बाहेर काढून सावलीत वारा द्या, उन्हात नको. सेलोटेप लावून फाटकं पान जोडण्याचा मोह आवरा; ती टेप काही वर्षांत पिवळी पडून पान खाते.

खरेदीला निघायचं तर दोन हंगाम धरा. एक शाळांच्या परीक्षा संपल्यावर, तेव्हा घरातली पुस्तकं वह्यांबरोबर जातात. दुसरा दिवाळीच्या साफसफाईचा. रद्दीवाल्याशी आधीच बोलून ठेवा, 'चित्रांची जुनी पुस्तकं' एवढंच म्हणा, इंद्रजाल हे नाव घेऊ नका. "घेऊन जावा की, पोरांची पुस्तकं हाईत" असं म्हणून तो किलोवर देतो. नाव ऐकलं की मोबाइल काढून बघतो. त्याला किलोपेक्षा थोडं जास्त स्वतःहून द्या आणि नंबर देऊन ठेवा. पुढचा गठ्ठा सोडायच्या आधी त्याने तुम्हाला फोन करायला हवा. मोठ्या व्यापाऱ्याची गाडी आठवड्याला येते, आणि ती येऊन गेल्यावर गोदामात जाण्यात अर्थ नसतो.