जळगावात चाळीस लिटरचे प्रवाळ मत्स्यालय : एका दुकानाच्या संचाचे परीक्षण

गोड्या पाण्यातील मासे विकणाऱ्या जळगावच्या एका दुकानाने लहान प्रवाळ मत्स्यालयाचा, म्हणजे खाऱ्या पाण्यात प्रवाळ ठेवण्याच्या टाकीचा, तयार संच द्यायला सुरुवात केली आहे. ४५ सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच अशी काचेची टाकी, मागे अडकवायचा फिल्टर, छोटा वेव्हमेकर (पाणी हलते ठेवणारा पंप), एलईडी दिवा, ५० वॅटचा हीटर, कोरडे खडक, वाळू आणि मिठाची पिशवी असा हा संच असून तो पंधरा हजार रुपयांच्या आत मिळतो. मी हा संच हिवाळ्यात घेतला आणि उन्हाळाभर चालवला, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिणे शक्य आहे. संचातील वस्तूंची निवड चांगली आहे, पण खानदेशच्या पाण्याचा आणि उन्हाचा विचार त्यात पुरेसा झालेला नाही. कमी खर्चात हे मत्स्यालय टिकवायचे असेल, तर पैसा नेमका याच दोन गोष्टींसाठी राखून ठेवावा लागतो.

आधी चांगल्या बाजू. प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातील कचरा काढणारे यंत्र, संचात नाही, आणि ते योग्यच आहे. एवढ्या लहान टाकीत दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले की साचणारा कचरा निघून जातो आणि कॅल्शियमसारखी खर्च झालेली द्रव्येही भरून येतात. दिलेले मीठ खास प्रवाळ मत्स्यालयासाठी बनवलेले आहे. स्वयंपाकाच्या मिठात जवळजवळ केवळ सोडियम क्लोराइड असते, तर समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेटही असतात, हे दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगतात. सुरतेहून समुद्राचे पाणीच का आणू नये, असे एकाने माझ्यासमोर विचारले, तेव्हा खंबातच्या आखातातील पाणी किती गाळाचे असते हे त्यांनी शांतपणे सांगितले.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे टाकी नेल्याबरोबर मासे देण्यास त्यांनी दिलेला नकार. खडकांवर आणि वाळूत जिवाणू वाढून त्यांनी माशांना विषारी असलेल्या अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याची चाचणी दाखवल्याशिवाय येथे जीव विकला जात नाही. निळा टँग मागणाऱ्यालाही ते परत पाठवतात, कारण तो मासा सुमारे ३० सेंमीपर्यंत वाढतो. आपला गल्ला सोडून माशाचा विचार करणारा दुकानदार मिळणे हे ग्राहकाचे भाग्यच म्हणायला हवे.

आता उणिवा. संचात क्षारता, म्हणजे पाण्यातील मिठाचे प्रमाण, मोजण्यासाठी काटा असलेला प्लास्टिकचा हायड्रोमीटर दिला आहे. त्याच्या काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले की तो वर उचलला जातो आणि क्षारता आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. प्रवाळांना हवी असलेली क्षारता दर हजारी ३५ भाग, म्हणजे सुमारे १.०२६ विशिष्ट घनता, एवढी नेमकी असल्यामुळे रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याच्या थेंबातून प्रकाश कसा वळतो त्यावरून क्षारता दाखवणारे साधन) वेगळा घ्यावाच, आणि तो ३५ भागांच्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावा.

पाण्याच्या बाबतीत दुकानाचा सल्ला अपुरा वाटला. ‘घरचे आरओचे पाणी चालेल’ एवढेच तेथे सांगितले जाते. मात्र बहुतेक घरगुती यंत्रांत चवीसाठी मूळ पाण्याचा काही भाग पुन्हा मिसळला जातो, आणि आपल्याकडे ते मूळ पाणी अनेकदा बोअरचे जड पाणी असते. जारच्या पाण्याचीही हीच स्थिती. अशा पाण्यातून येणारे नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट शेवाळाला पोसतात. आरओनंतर डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांची) एक नळकांडी जोडून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, शून्यावर आणणे हा कमी खर्चाचा उपाय आहे, आणि दुकानाने ती नळकांडी संचातच द्यायला हवी.

सर्वात मोठी उणीव उन्हाळ्याची. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तर प्रवाळांना २४ ते २७ अंशांचे पाणी मानवते. त्यापेक्षा पाणी बरेच तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि प्रवाळ ताणाखाली येतात. संचात हीटर आहे, तो डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत उपयोगी पडतो, पण पंखा नाही. चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) घेतला तर संचाचा मूळ हिशेबच कोलमडतो. गोलाणी मार्केटमध्ये संगणकाचा १२ व्होल्टचा पंखा सहज मिळतो. तो पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. आपल्या घरातील कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच हे तत्त्व आहे, आणि आपली कोरडी हवा त्याला फार अनुकूल आहे. मात्र बंद खोलीत कूलर चालू असेल तर तेथील हवा दमट होऊन टाकीच्या पंख्याचा परिणाम घटतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी. या टाकीतील पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे १.३५ लिटर पाणी उडाले; मीठ मात्र मागेच राहते, आणि टाकीत प्रत्यक्ष ३२ लिटर पाणी असेल तर क्षारता ३५ वरून जवळपास ३६.५ वर जाते. त्यामुळे रोज सकाळी काचेवरील खुणेपर्यंत शुद्ध, बिनमिठाचे पाणी घालावे. या कामी खारे पाणी कधीही वापरू नये. वीज गेल्यावर फिल्टर आणि वेव्हमेकर इन्व्हर्टरवर चालले तरी पुरते, दिव्याची घाई नसते.

जीवांच्या बाबतीत दुकानाची एक भूमिका मला विशेष पटली. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सर्व कठीण प्रवाळांचा, तसेच समुद्री पंख्यांचा आणि समुद्री घोड्यांचा समावेश आहे. ते येथे विकले जात नाहीत आणि समुद्रातून काढलेला खडकही ठेवला जात नाही. मुंबईहून झोअँथिड, मशरूम आणि लेदर हे मऊ प्रवाळांचे प्रकार मागवले जातात. शिकाऊ माणसासाठी, आणि मध्यम प्रतीच्या दिव्याखाली, हेच प्रकार योग्य आहेत. क्लाउनफिशही केवळ प्रजनन केंद्रातील दिले जातात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या प्रजननाचे तंत्र विकसित केलेले असताना समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचे कारण उरत नाही. तरीही एवढ्या टाकीत मी एखादा लहान गोबी मासा आणि थोड्या गोगलगायी यांपलीकडे जाऊ नये असे सुचवीन.

झोअँथिड देताना मात्र दुकानाने हातमोज्यांची सूचना लेखी द्यायला हवी. त्यांच्यातील काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. ते ज्या खडकावर वाढले आहेत तो खडक उघड्या हातांनी घासू नये, आणि कोणत्याही परिस्थितीत उकळत्या पाण्यात घालू नये, कारण वाफेतून जाणारे विष घरातील सर्वांना बाधू शकते.