दाराबाहेरची किल्ली: भिंतीवरच्या की लॉक बॉक्सचा दोन वर्षांचा अनुभव

दार ओढले की आपोआप लागणारे लॅचचे कुलूप, वेगवेगळ्या वेळी घरी परतणारी माणसे आणि दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या, चटकन उठून दार उघडू न शकणाऱ्या सासूबाई, एवढ्या कारणांमुळे आमच्या घराची एक जादा किल्ली कायम बाहेर ठेवावी लागे. ती दाराशेजारच्या कुंडीखाली असे, आणि ही जागा आमच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, अशी आमची समजूत होती. एकदा नळदुरुस्तीसाठी प्रथमच आलेल्या माणसाला मी फोनवर सांगितले, की मला पोहोचायला उशीर होईल. तेव्हा त्याने अगदी सहजपणे विचारले, ‘‘किल्ली कुंडीखालीच असेल ना?’’ तो माणूस सरळ होता म्हणून त्याने विचारले. त्याच आठवड्यात मी की लॉक बॉक्स शोधायला लागलो.

की लॉक बॉक्स म्हणजे भिंतीत पक्की बसवायची, जाड धातूची, तळहाताएवढी पेटी. ठरवलेला क्रमांक जुळवला की तिचे झाकण उघडते आणि आत एक-दोन किल्ल्या राहतात. पायपुसणी, चौकटीची वरची फळी किंवा मीटरची खोकी या जागा चोराला तोंडपाठ असतात. पेटी मात्र सगळ्यांना दिसते आणि दिसली तरी चालते, कारण येथे गुपित जागेचे नसून आकड्याचे असते. म्हणून पेटी आकडा किती नीट राखते, हीच तिची खरी परीक्षा मानून मी हे लिहीत आहे.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पहिल्यात 0 ते 9 असे आकडे असलेली दहा बटणे असतात. दुसऱ्यात सुटकेसला असतात तशा चार फिरत्या चकत्या असतात. मी आधी बटणांची पेटी आणली, कारण अंधारात चाचपडत उघडायला ती सोपी वाटली. ती भिंतीवर लावण्यापूर्वी टेबलावर ठेवून पाहिली, हे बरे झाले. माझा क्रमांक 2579 होता. तो 9752 असा उलटा दाबला तरी झाकण उघडले, आणि 5297 असा दाबला तरीही. यांत्रिक बटणांच्या बहुतेक पेट्यांची रचनाच अशी असते: कोणती बटणे दाबली एवढेच यंत्रणा पाहते, क्रम पाहत नाही, आणि एक बटण एकदाच मोजले जाते. त्यामुळे चार बटणांचे वेगवेगळे संच केवळ 210 होतात. एका प्रयत्नाला दहा सेकंद धरले, तर सगळे संच संपायला 35 मिनिटे लागतात. शिवाय रोज दाबली जाणारी बटणे काही महिन्यांत गुळगुळीत होतात किंवा त्यांच्यावरची धूळ पुसली जाते, आणि कोणती चार वापरात आहेत हे पेटी स्वतःच सांगू लागते. क्रमाला अर्थ नसल्याने तेवढे कळले की पुरते. अशा पेटीत चारऐवजी पाच बटणांचा क्रमांक ठेवला तर संच 252 होतात. म्हणजे फरक पडतो, पण फार नाही.

चकत्यांच्या पेटीत 0000 पासून 9999 पर्यंत 10,000 क्रमांक शक्य असतात आणि क्रमालाही महत्त्व असते. एका क्रमांकाला तीन सेकंद धरले तरी सगळे फिरवून पाहायला आठ तासांहून अधिक वेळ लागेल. मात्र हा हिशेब क्रमांक खरोखर कशाशीही संबंध नसलेला असेल तरच लागू पडतो. जन्मसाल ठेवणाऱ्याने दहा हजारांचे फार तर शंभर केलेले असतात, आणि जन्मतारीख व महिना ठेवणाऱ्याने 366. दुसरी मोठी ढिलाई बंद करताना होते. पुष्कळ लोक घाईत शेवटची एकच चकती एखादे घर पुढे ढकलतात. तसे केले की पाहणाऱ्याला तीन आकडे आयते मिळतात. चारही चकत्या फिरवायच्या आणि दरवेळी वेगवेगळ्या आकड्यांवर सोडायच्या, हे मला घरातल्या प्रत्येकाला बजावून सांगावे लागले. आमच्या मुलीने मात्र एकदाही चूक केली नाही. चूक व्हायची ती माझ्याच हातून.

चकत्यांच्या स्वस्त पेट्यांत आणखी एक दोष असतो आणि तो विकत घेण्यापूर्वीच तपासता येतो. झाकणाची खिट्टी दाबून धरून चकती हळूहळू फिरवली असता ढिल्या घडणीच्या पेटीत योग्य आकड्यावर बोटाला किंचित अडल्यासारखे किंवा सैल झाल्यासारखे जाणवते. दुकानात मी हाताळलेल्या तीन पेट्यांपैकी एकीत हे इतके स्पष्ट होते, की मी ती लगेच खाली ठेवली. चांगल्या पेटीत चकत्या घट्ट बसलेल्या असतात आणि काहींत बोटाला फसवणाऱ्या खोट्या खाचाही मुद्दाम ठेवलेल्या असतात. मी घेतलेल्या पेटीत दोन वर्षांनंतरही मला असे काही हाताला लागलेले नाही. वेष्टनावरच्या ‘अतिसुरक्षित’ वगैरे शब्दांना मी किंमत देत नाही. एलपीएस 1175 या ब्रिटिश मानकासारख्या प्रमाणीकरणाला मात्र देतो. त्या चाचणीत माणसे प्रत्यक्ष हत्यारे घेऊन वस्तू फोडायला बसतात, आणि कोणत्या हत्यारांपुढे ती किती वेळ टिकली यावरून तिची श्रेणी ठरते. म्हणजे ‘फुटत नाही’ असा दावा तेथे कोणी करत नाही. किती वेळ टिकते एवढेच सांगितले जाते, आणि तेच प्रामाणिक आहे.

कडीला लटकवायची, कुलपासारख्या दांड्याची पेटीही मिळते. दांडा कापला की चोर ती खिशात घालून घेऊन जातो आणि घरी बसून निवांत उघडतो, एवढे सांगून तो प्रकार सोडून देतो. ज्यांना भिंतीत भोके पाडण्याची परवानगी नाही, त्यांनी लटकती पेटी घेण्यापेक्षा विश्वासातल्या शेजाऱ्याकडे किल्ली ठेवावी.

पेटी उघडी असताना तिच्या पाठीतून चार स्क्रू भिंतीत जातात आणि झाकण लावले की ते दिसत नाहीत, त्यामुळे बाहेरून ते काढता येत नाहीत. सगळा जोर या चार स्क्रूंवर असल्याने ते कशात रुतले आहेत हे पेटीइतकेच महत्त्वाचे आहे. पेटीबरोबर आलेले प्लग आणि स्क्रू मला आखूड वाटले. गिलाव्याची जाडी वजा केली तर विटेत जेमतेम बोटाच्या एका पेराइतके शिरले असते. मी लांब स्क्रू वेगळे आणले आणि भोके विटेच्या मध्यभागी येतील अशी पाडली, कारण विटांमधल्या सांध्यातला माल पहारीच्या एका हिसक्याने सुटू शकतो. जागा निवडतानाही विचार करावा लागला. दाराच्या अगदी शेजारी पेटी असली तर ती रस्त्यावरून दिसते आणि क्रमांक जुळवणाऱ्या माणसाचा हातही दिसतो. आमची बाजूच्या भिंतीवर, छातीच्या उंचीला आहे. तेथे उभे राहिले की पाठीमुळे चकत्या झाकल्या जातात. फार आडोशाची जागाही नको, कारण चोरालाही तेथे निवांत काम करता येते.

आता तक्रार. क्रमांक बदलण्यासाठी झाकणाच्या आतल्या बाजूस एक छोटी कळ आहे. ती सरकवून नवा क्रमांक लावायचा आणि कळ पूर्ववत करायची. ही कळ इतकी सैल आहे, की पहिल्या वर्षी एकदा किल्लीच्या कडीचा धक्का लागून ती सरकली, झाकण उघडे असतानाच मी सवयीने चकत्या फिरवल्या आणि नकळत नवा क्रमांक कायम झाला. जुन्या क्रमांकाने पेटी उघडेना. दोन संध्याकाळ बसून मी सहाशेच्या आसपास क्रमांक फिरवले, तेव्हा ती उघडली. कोणत्या आकड्यांजवळ चकत्या सोडल्या असतील याचा अंदाज होता म्हणून, नाहीतर भिंत खणावी लागली असती. तेव्हापासून झाकण लावण्यापूर्वी कळ पाहण्याचा नियम केला आहे. उत्पादकाला ही कळ थोडी खोलात बसवता आली असती.

पेटीत कोणती किल्ली ठेवावी, याबद्दलही थोडे सांगायला हवे. नकलेवरून काढलेली नक्कल पहिल्या फेरीत चालते आणि ऐन वेळी अडते, म्हणून मूळ किल्लीवरून काढलेलीच ठेवावी आणि ती कुलपात चार वेळा फिरवून पाहावी. काही सिलिंडर कुलपांत आतून किल्ली लावलेली राहिली तर बाहेरची किल्ली फिरतच नाही. सासूबाई रात्री आतून कुलूप लावून किल्ली तशीच ठेवत, हे आमच्या लक्षात उशिरा आले. आत किल्ली असतानाही बाहेरून उघडणारे सिलिंडर बसवल्यावरच पेटीतल्या किल्लीचा खरा उपयोग सुरू झाला. किल्लीला घर क्रमांकाची चिठ्ठी नको, आणि त्याच कडीत कपाटाची किल्ली तर नकोच. किल्ली उघड्यावर दिसू देऊ नये, हेही खरे. 2008 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी दुरून काढलेल्या छायाचित्रावरून किल्लीच्या दात्यांची मापे काढून दाखवली होती. नव्या घराची किल्ली हातात धरून काढलेले फोटो पाहिले, की मला तेच आठवते.

क्रमांक ज्यांना दिला आहे अशा बाहेरच्या माणसांची यादी आम्ही ठेवतो आणि त्यांच्यापैकी कोणाचे येणे थांबले की त्याच दिवशी क्रमांक बदलतो. घरफोडीच्या अनेक विमा पॉलिसींना बळजबरीने आत शिरल्याची खूण लागते. क्रमांक वापरून किल्ली काढून कोणी सरळ दारातून गेले तर तशी खूण राहत नाही. पेटी लावण्यापूर्वी आपल्या पॉलिसीतले हे कलम मी वाचले आणि विमा कंपनीला लेखी विचारले.

पेटीवर येणारे रबरी आवरण दीड वर्षात कडक होऊन फाटले. ते सुटे मिळेल का म्हणून विक्रेत्याकडे चौकशी केली, तर नवीन पेटीच घ्या असे उत्तर आले. आवरण नसले की पावसाचे पाणी आणि धूळ चकत्यांत जाऊन त्या जड फिरतात. त्यांत तेल घातले तर ते धूळ धरून ठेवते, म्हणून मी ग्राफाइटची भुकटी फुंकतो. सध्या आवरणाच्या जागी सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा कापून, वरच्या कडेला चिकटवून लावला आहे. तो मूळच्या आवरणापेक्षा अधिक टिकेल असे दिसते.